मूळ संख्या आणि त्यांच्यामधली अंतरं: सारखे सारखे येणारे प्रश्न

भाच्याला सहावीचं गणित शिकवायला बसलो तिथून हे सगळं सुरू झालं. त्याने विचारलं, "मामा, ह्या मूळ संख्या पुढे पुढे संपत जातात का रे?" आणि मी दोन मिनिटांचं उत्तर द्यायला गेलो ते रात्री साडेअकरापर्यंत बसलो. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी तेच विचारतं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. मी प्राध्यापक वगैरे नाही, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर करतो, पण हा विषय डोक्यात बसलाय तो बसलाच.

मूळ संख्या म्हणजे काय, एकदा परत सांगाल का?

१ पेक्षा मोठी अशी संख्या जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही. २, ३, ५, ७, ११, १३, १७ वगैरे. बाकीच्या संयुक्त. काही पुस्तकांत "अविभाज्य" लिहितात, हिंदीत "अभाज्य" म्हणतात, सगळं एकच. आणि हो, वर्गमूळातल्या मूळाचा इथे काही संबंध नाही, पोरं दर वर्षी तो घोटाळा करतात.

मग १ ला का बाहेर ठेवलं? त्यालाही कोणी भागत नाही की.

भेदभाव नाही, सोय आहे. ६० म्हणजे २ × २ × ३ × ५, आणि क्रम सोडला तर ६० चे मूळ अवयव पाडायची ही एकच रीत आहे. १ ला आत घेतलं की १ × २ × २ × ३ × ५, १ × १ × २ × २ × ३ × ५, कितीही रीती निघतात आणि "एकच रीत" हे सगळ्यात कामाचं वाक्यच बाद होतं. म्हणून १ मूळही नाही, संयुक्तही नाही.

पुढे जाऊन कधीतरी ह्या संपत असतील ना?

नाही संपत. हे युक्लिडने साधारण इ.स.पू. ३०० मध्येच दाखवून ठेवलंय आणि युक्ती इतकी साधी आहे की सहावीतल्या पोराला कळते. समजा तुमच्याकडे मूळ संख्यांची यादी आहे आणि तुमचं म्हणणं आहे की झाल्या, एवढ्याच. सगळ्यांचा गुणाकार करा आणि १ मिळवा. आता ह्या नव्या संख्येला यादीतल्या कुठल्याही संख्येने भागलं तर बाकी १ उरणार. म्हणजे तिला भागणारी मूळ संख्या यादीबाहेरची असणार. संपलं.

एक गोष्ट मात्र लोक चुकीची लक्षात ठेवतात, की ही नवी संख्या स्वतःच मूळ असते. तसं काही नाही. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१, आणि ३००३१ म्हणजे ५९ × ५०९. ती स्वतः मूळ नाही, पण ५९ आणि ५०९ दोन्ही यादीत नव्हत्या, तेवढंच हवं होतं.

पण विरळ तर होत जातात ना? किती विरळ?

होतात, आणि गंमत म्हणजे खूप हळू. पहिल्या १०० मध्ये २५ आहेत. मग प्रत्येक शेकड्यात मोजत गेलं तर २१, १६, १६, १७, १४, १६, १४, १५, १४. हजारापर्यंत एकूण १६८. बघा, कमी होतायत पण सरळ रेषेत नाही, मधेच एखादा शेकडा जरा भरलेला, मधेच जरा रिकामा. लाखापर्यंत ९,५९२, दहा लाखांपर्यंत ७८,४९८, आणि शंभर कोटींपर्यंत ५,०८,४७,५३४, म्हणजे तिथेही वीसात एक पडतेच.

ह्यातला नियम पहिल्यांदा नीट हेरला तो गाउस ह्या जर्मन गणितज्ञाने, १७९२-९३ च्या सुमाराला, पंधरा वर्षांचं पोरगं होतं तेव्हा. त्याच्याकडे मूळ संख्यांचे तक्ते होते आणि मोकळी पंधरा मिनिटं मिळाली की तो एखादा हजाराचा गठ्ठा घेऊन त्यातल्या मूळ संख्या मोजत बसायचा, हे त्यानेच म्हातारपणी, १८४९ मध्ये, एन्के नावाच्या मित्राला पत्रात लिहिलंय. (आपण मोकळ्या पंधरा मिनिटांत रील्स बघतो, असो.) त्याला दिसलं ते असं, की कुठल्याही आकड्याच्या आसपास मूळ संख्यांचं सरासरी अंतर त्या आकड्याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमएवढं असतं.

लॉग बघून घाबरू नका, घरगुती हिशेब सांगतो. संख्येत अंक किती ते मोजा आणि २.३ ने गुणा, साधारण तेवढं सरासरी अंतर. चार अंकी संख्यांच्या शेवटाला म्हणजे दहा हजाराजवळ ९ च्या आसपास, दहा लाखाजवळ १४ च्या आसपास, एक कोटीजवळ १६. दर वेळी एक शून्य वाढलं की अंतर फक्त २.३ ने वाढतं, म्हणून म्हटलं हळू.

गाउसने हे सिद्ध केलं नव्हतं बरं का, नुसतं बघितलं होतं. सिद्ध व्हायला १८९६ उजाडलं, आदामार आणि द ला व्हाले पूसाँ ह्या दोघांनी वेगवेगळं, एकाच वर्षी.

हे लॉग वगैरे कुठून उगवलं? मूळ संख्यांचा त्याच्याशी काय संबंध?

चाळण डोळ्यासमोर आणा. शाळेत इरॅटोस्थेनिसची चाळणी केली असेल सगळ्यांनी, १ ते १०० लिहून २ च्या पटीतले खोडा, ३ च्या, ५ च्या, ७ च्या. २ ने चाळलं की निम्मे उरतात. ३ ने त्यातले दोन तृतीयांश. ५ ने चार पंचमांश, ७ ने सहा सप्तमांश. सगळं गुणलं तर ४८/२१०, म्हणजे २२.९ टक्के. आता १२० पर्यंतचे आकडे घ्या, कारण १२१ म्हणजे ११ चा वर्ग, तिथपर्यंत ही चारच पुरतात. १२० चे २२.९ टक्के म्हणजे साडेसत्तावीसला थोडे कमी. प्रत्यक्षात चाळणीत उरतात २७ (त्यात तो १ पण धरला, आणि २, ३, ५, ७ स्वतः खोडले गेले). कागदावर केलेल्या अंदाजाला एवढं जुळणं म्हणजे भारीच.

पुढे पुढे नवीन चाळण्या लागतात, ११ ची, १३ ची, १७ ची, पण प्रत्येक नवी चाळणी आधीपेक्षा कमी खाते. ११ ची फक्त अकरावा भाग नेते, १०१ ची तर शंभरातला एक. म्हणून संख्या विरळ होतात पण हळू, आणि असे एकामागून एक छोटे तुकडे कमी होत गेले की लॉगच बाहेर पडतो. अगदी खरं सांगायचं तर हा सरळसोट गुणाकार मोठ्या आकड्यांना खऱ्यापेक्षा साधारण १२ टक्के जास्त उत्तर देतो, कारण चाळण्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, पण कल्पना यायला पुरे.

म्हणजे सरासरी कळली. पण पुढची मूळ संख्या नक्की कुठे, ते सांगता येतं का?

इथे खरी मजा आहे. एक कोटीजवळ जाऊ. सरासरी अंतर १६, म्हणजे शंभर आकड्यांत ६ असाव्यात. एक कोटीच्या अलीकडचे शंभर आकडे घेतले तर त्यात ९ मूळ संख्या आहेत: ९९९९९०१, ९९९९९०७, ९९९९९२९, ९९९९९३१, ९९९९९३७, ९९९९९४३, ९९९९९७१, ९९९९९७३ आणि ९९९९९९१. आता उंबरा ओलांडा, एक कोटीच्या पलीकडचे शंभर घ्या. फक्त २. १००००००१९ नाही हं, एक शून्य जास्त पडलं, १००००१९ पण नाही, तर १०००००१९ आणि १०००००७९. (मी स्वतः हे टाइप करताना दोनदा चुकलो, तुम्ही शून्यं मोजून घ्या.) शेजारी शेजारी दोन घरं, एकात नऊ माणसं, एकात दोन, आणि मधल्या भिंतीत काही कारण दिसत नाही.

लोक मग म्हणतात की हे रँडम आहे. रँडम नाहीये! १०००००१९ मूळ आहे हे कालही खरं होतं, उद्याही राहील, फासा कोणी टाकलेला नाही. चाळणी ठरलेली, भोकं ठरलेली. फक्त इतक्या चाळण्या एकावर एक बसलेल्या असतात की एखाद्या ठिकाणी काय उरेल हे चाळून बघितल्याशिवाय कळत नाही. पावसासारखं समजा, जुलैत सरासरी किती पडेल ते सांगता येतं, मंगळवारी तुमची दोरीवरची चादर भिजेल का ते नाही, फरक इतकाच की इथे ढग नाहीत, नुसता भागाकार आहे.

मोठी रिकामी जागा पडते ती कशी पडते? एखादी उघडून दाखवा.

ही माझी आवडती. ११३ मूळ आहे, नंतरची थेट १२७. मध्ये १३ आकडे, सगळे संयुक्त, आणि एवढ्या खाली एवढी मोठी दरी म्हणजे विचित्रच. एकेक बघा. समसंख्या तर २ नेच जातात, ११४, ११६, ११८, १२०, १२२, १२४, १२६. उरल्या सहा विषम. ११५ ला ५ ने भाग जातो, २३ वेळा. ११७ म्हणजे ९ × १३. ११९ हा लबाड, मूळ वाटतो, पण ७ × १७. १२१ म्हणजे ११ × ११. १२३ च्या अंकांची बेरीज ६, म्हणून ३ ने, ३ × ४१. १२५ म्हणजे ५ × ५ × ५.

म्हणजे ३ ने दोन खाल्ले, ५ ने दोन, ७ ने एक, ११ ने एक, आणि कोणीही दुसऱ्याच्या ताटात हात घातला नाही. एरवी काय होतं, की ३ आणि ५ दोघे एकाच संख्येवर तुटून पडतात (१०५ वर तर ३, ५, ७ तिघेही पडलेत) आणि मग बाजूच्या सुटतात. म्हणून १०५ च्या दोन्ही बाजूंना बघा, १०१, १०३, १०७, १०९, चारही मूळ. गर्दी एकीकडे झाली की दुसरीकडे मोकळं राहतं, आणि नीट वाटून खाल्लं की दुष्काळ.

११९ वरून आठवलं, मी परीक्षेत ९१ मूळ लिहून मार्क घालवलेत. ७ × १३. अजून राग येतो.

ह्या दऱ्या कितीही मोठ्या होऊ शकतात का?

हो, कितीही. लागोपाठ शंभर संयुक्त आकडे हवेत? १ ते १०१ सगळ्यांचा गुणाकार करा, त्यात २ मिळवा, ३ मिळवा, असं १०१ पर्यंत. पहिल्याला २ ने भाग जाणार, दुसऱ्याला ३ ने, शेवटच्याला १०१ ने. झाले शंभर. हवे तर लाख घ्या, पद्धत तीच.

फक्त ही पद्धत फार उधळी आहे. तो गुणाकार १६० अंकी येतो. आणि प्रत्यक्षात शंभरच्या वरची पहिली दरी कुठे सापडते माहितीये? ३,७०,२६१ नंतर थेट ३,७०,३७३. सहा अंकी! म्हणजे आपण चंद्रावर जाऊन शोधत होतो ते मागच्या गल्लीत होतं.

मग खरा प्रश्न हा होतो, की इतक्या इतक्या आकड्यांपर्यंत सगळ्यात मोठी दरी किती असते. ह्याचं पूर्ण उत्तर आजही नाही. १९३८ मध्ये रँकिनने एक किमान मर्यादा दिली होती, ती मुळातूनच सुधारायला एर्डशने दहा हजार डॉलर लावले होते, आणि २०१४ मध्ये एकाच महिन्यात फोर्ड, ग्रीन, कोन्यागिन आणि टाओ ह्या चौघांनी एका वाटेने आणि मेनार्डने दुसऱ्या वाटेने ती सुधारली. शहात्तर वर्षं लागली.

पण मग अशीही दरी असेल की हजारो कोटी आकडे गेले तरी पुढची येतच नाही?

आकड्याच्या मानाने बघितलं तर नाही, त्याला चाप आहे. कुठलाही आकडा घ्या, तो आणि त्याची दुप्पट ह्यांच्या दरम्यान एक तरी मूळ संख्या असतेच. बर्ट्रांडने १८४५ मध्ये अंदाज केला, चेबिशेवने १८५२ मध्ये सिद्ध केला. आपल्या रामानुजनने १९१९ मध्ये ह्याचीच एक फार छोटी सिद्धता इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली आणि वर जरा जास्तच दिलं: ११ पासून पुढे कुठलाही आकडा घ्या, त्याच्या निम्म्यापासून त्याच्यापर्यंत किमान २ मूळ संख्या, १७ पासून किमान ३, २९ पासून किमान ४, ४१ पासून किमान ५. हे २, ११, १७, २९, ४१ आता रामानुजन मूळ संख्या म्हणूनच ओळखले जातात.

लागोपाठच्या दोन वर्गांमध्ये, म्हणजे ९ आणि १६ मध्ये, १६ आणि २५ मध्ये, एक तरी मूळ असतेच का? दिसायला अगदी सोपं. अजून कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

जोडमूळ संख्यांचं काय ते? त्या अनंत आहेत ना?

जोडमूळ म्हणजे दोनच्या अंतरावरची जोडी: ३-५, ५-७, ११-१३, १७-१९, २९-३१, ४१-४३, ५९-६१, ७१-७३. शंभरच्या आत ह्या ८ जोड्या, हजारच्या आत ३५. अनंत आहेत असं जवळजवळ सगळे मानतात, सिद्ध कोणी केलं नाही. "आहेत ना" असं कोणी खात्रीने सांगितलं तर त्याला पुरावा मागा.

पण २०१३ मध्ये मोठी गोष्ट घडली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवणारे यितांग झांग, पन्नाशी ओलांडलेले, बाहेर फारसं कोणाला माहीत नसलेले, त्यांनी सिद्ध केलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतराच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. तुम्ही म्हणाल ७ कोटी कुठे आणि २ कुठे! पण त्याआधी कुठलीच मर्यादा माहीत नव्हती, म्हणजे जोड्यांमधलं अंतर शेवटी वाढतच जातं की काय ह्याचंच उत्तर नव्हतं. अनंतापासून ७ कोटींवर येणं हीच उडी, पुढचा ७ कोटींचा उतार मग वर्षभरात झाला. टाओ वगैरे मंडळींनी ऑनलाइन एकत्र बसून तो आकडा ४,६८० वर आणला, मेनार्डने वेगळ्याच युक्तीने ६०० वर, आणि २०१४ मध्ये सगळ्यांनी मिळून २४६ वर. तिथे गाडी अडकलीय. मेनार्डला २०२२ मध्ये फील्ड्स मेडल मिळालं, गणितातला फार मानाचा पुरस्कार.

३-५-७ सारखी तिळी परत का येत नाही?

कारण २-२ च्या अंतरावरच्या तीन संख्या घेतल्या की त्यातल्या एकीला ३ ने भाग जातोच. ३-५-७ मध्ये ती ३ स्वतःच आहे म्हणून वाचली.

जोडमूळ संख्यांमुळे कॉम्प्युटरचा बग सापडला होता असं ऐकलं, खरं का?

खरं. १९१९ मध्ये ब्रून नावाच्या नॉर्वेच्या गणितीने दाखवलं होतं की सगळ्या जोडमूळ संख्यांचे व्यस्त घेऊन बेरीज केली (१/३ + १/५ + १/५ + १/७ + ...) तर ती एका आकड्याच्या पुढे जात नाही, १.९ च्या जरा वर थांबते. अमेरिकेतले थॉमस नाइसली ही बेरीज कॉम्प्युटरवर काढत होते. १९९४ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की उत्तर जुळत नाहीये, आणि शोधत शोधत ते ८२४६३३७०२४४१ ह्या संख्येपाशी आले, तिचा व्यस्त पेंटियम चिपवर चुकीचा येत होता. प्रोग्रॅम बरोबर, चिपच चुकीची! इंटेलने शेवटी चिपा बदलून दिल्या आणि ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात दाखवला. मी माझ्या कोडमधल्या बगला कधी चिपवर ढकलून बघितलं तर मॅनेजर हसतो.

लागोपाठच्या मूळ संख्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारं अंतर कोणतं? २ ना?

सगळे २ म्हणतात. उत्तर ६. (२ आणि ३ सोडले तर अंतर समच असणार, कारण दोन्ही विषम.)

कारण परत ३. एखादी मूळ संख्या ३ ने भागल्यावर बाकी १ किंवा २ देते. बाकी १ असेल तर तिच्यात २ मिळवून ३ चा पट होतो, बाद. बाकी २ असेल तर ४ मिळवून बाद. ६ मिळवलं तर बाकी तीच राहते, कधीच अडत नाही. म्हणजे २ ला आणि ४ ला अर्धी दारं बंद, ६ ला सगळी उघडी. हजाराच्या आसपासपासून ६ पुढे जातो तो कॉम्प्युटरने जिथवर मोजलंय तिथवर पुढेच. पण १९९९ मध्ये ओडलिझ्को, रुबिन्स्टाइन आणि वोल्फ ह्यांनी अंदाज मांडला की साधारण ३६ अंकी आकड्यांपाशी ३० त्याला मागे टाकेल, कारण ३० ला ५ चं दारही उघडं आहे. त्याच्याही पुढे कधीतरी २१०, तिथे ७ पण. ह्याला म्हणतात दम धरणं.

घरी करून बघायचं असेल तर चौकटीच्या वहीत एका ओळीत सहा असे आकडे लिहा आणि मूळ संख्यांना गोल करा. भाच्याने केलं तेव्हा दुसऱ्या ओळीपासून सगळे गोल फक्त पहिल्या आणि पाचव्या उभ्या रांगेत, बाकी चार रांगा कोऱ्या. पोरगं पाच मिनिटं गप्प बसलं, आमच्याकडे ही ऐतिहासिक घटना.

म्हणजे सहाच्या पटीत एक कमी किंवा एक जास्त केलं की मूळ संख्या मिळते? ग्रुपवर फॉरवर्ड आला होता.

तो फॉरवर्ड मलाही दर तीन महिन्यांनी येतो, "भारतीय मुलाने शोधलं सूत्र" अशा मथळ्यासकट. उलटं वाचताय. ३ च्या पुढची प्रत्येक मूळ संख्या तशी असते, पण तशी प्रत्येक संख्या मूळ नसते. २५, ३५, ४९, ५५ बघा.

ऑयलरने एक गंमतशीर सूत्र दिलं होतं: कुठलीही संख्या घ्या, तिचा वर्ग अधिक ती स्वतः अधिक ४१. ० पासून ३९ पर्यंत काहीही टाका, चाळीस वेळा लागोपाठ मूळच येते. ४० टाकलं की १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग, आणि फुगा फुटतो. असं साधं सूत्र कायम चालूच शकत नाही हे सिद्ध झालेलं आहे. फक्त मूळ संख्याच देणारी अवघड सूत्रं आहेत, पण ती वापरायला जेवढं गणित करावं लागतं त्यापेक्षा सरळ चाळलेलं परवडतं.

शेवटच्या अंकात तरी काही पॅटर्न?

५ च्या पुढच्या मूळ संख्या १, ३, ७, ९ नेच संपतात, आणि चौघांचा वाटा दूरवर बघितलं तर सारखा, २५-२५ टक्के. पण २०१६ मध्ये लेम्की ऑलिव्हर आणि सौंदरराजन (मूळचे चेन्नईचे) ह्यांनी एक वेगळंच बघितलं: १ ने संपणाऱ्या मूळ संख्येनंतर लगेच येणारी मूळ संख्या परत १ ने संपेल असं किती वेळा? पहिल्या दहा कोटी मूळ संख्यांत फक्त १८.५ टक्के. जणू कालचीच भाजी परत नको. आकडे मोठे होतील तसा हा फरक मिटत जावा असं त्यांचं गणित सांगतं, पण फार रेंगाळत. इतकी वर्षं तक्ते सगळ्यांसमोर होते, फारसं कोणी नीट बघितलंच नव्हतं.

रीमान हायपोथिसिस म्हणजे काय, सोप्यात?

पूर्ण सोप्यात नाही होत, पण अंतराशी संबंध सांगतो. एक कोटीपर्यंत खऱ्या मूळ संख्या ६,६४,५७९. गाउसच्या सुधारलेल्या सूत्राचा अंदाज ६,६४,९१८. चूक ३३९ ची, साडेसहा लाखांत! रीमानने १८५९ मध्ये जे मांडलं ते खरं असेल तर ही चूक कायम अशीच आटोक्यात राहते, साधारण त्या आकड्याच्या वर्गमूळाच्या मापात (एक कोटीचं वर्गमूळ ३,१६२). सिद्ध करणाऱ्याला क्ले इन्स्टिट्यूटचे दहा लाख डॉलर आहेत, २००० सालापासून पडून आहेत.

ह्या सगळ्याचा उपयोग काय?

आला हा प्रश्न. १९७७ चं आरएसए, म्हणजे कॉम्प्युटरवरची माहिती गुप्त ठेवायचं कुलूप, दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर चालतं, गुणाकार सगळ्यांना दाखवायचा, अवयव लपवायचे. २०४८ बिटच्या किल्लीला तीनशेहून थोड्या जास्त अंकी दोन मूळ संख्या लागतात. त्या आणायच्या कुठून? यादी वगैरे नसते, कॉम्प्युटर अंदाधुंद एक विषम संख्या उचलतो, तपासतो, नाही जमली तर दुसरी. आणि इथे गाउसचा हिशेब कामाला येतो: ३०९ गुणिले २.३ म्हणजे साधारण ७१० मागे एक, सम सोडल्या तर ३५५ मागे एक. काही शे प्रयत्नांत मिळतेच. मूळ संख्या खरंच झपाट्याने संपत गेल्या असत्या तर हे कुलूप बनलंच नसतं.

तपासायचं कसं, तर व्यवहारात मिलर-राबिन नावाची चाचणी वापरतात, जी अगदी नगण्य शक्यतेने फसू शकते. कधीच न फसणारी आणि तरीही तत्त्वतः वेगवान पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना ह्यांनी दिली, त्यातले दोघे तेव्हा नुकतेच बीटेक झालेले.

सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या?

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली, ४,१०,२४,३२० अंकी. तिच्या अलीकडच्या असंख्य मूळ संख्या कोणालाच माहीत नाहीत, ही यादीतली "पुढची" नाही, दूरवर दिसलेला एक दिवा आहे.

माझा मोबाइल नंबर मूळ आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, शप्पथ. दहा अंकी, म्हणजे साधारण २३ मागे एक. पण आधी शेवटचा अंक बघा, सम किंवा ५ असेल तर विषय संपला. १, ३, ७, ९ असेल तर शक्यता ९ मागे एकावर येते. मग दहाही अंकांची बेरीज करा, ती ३ ने जात नसेल तर ६ मागे एक. एवढं पंगतीत बसल्या बसल्या होतं. पुढचं हाताने करायचं म्हटलं तर एक लाखाच्या आतल्या सगळ्या ९,५९२ मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल, म्हणून तिथून पुढे लॅपटॉप काढा. ऑफिसात आम्ही टीमचे सगळे नंबर तपासले, चौदा जणांत एकाचा मूळ निघाला, त्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. माझा ७ ने संपतो म्हणून मोठ्या आशेने बेरीज केली. ५४ आली.